‘निगेटिव्ह’ आलं म्हणजे काय आलं?

नमस्कार, सातासमुद्रापार जमलेल्या मराठी मंडळी. जेवणाआधीची दहा मिनिटं मला दिलीत, तेव्हा आटोपतं घेते.

मघाशी चहाच्या रांगेत एका मावशींनी मला फोनवर रिपोर्ट दाखवला. (त्यांना विचारूनच सांगतेय.) लेकीने भेट दिलेलं थुंकी तपासायचं किट. “बीआरसीए निगेटिव्ह! सुटले बाई.” त्यांची धाकटी बहीण चाळिशीतच स्तनाच्या कॅन्सरने गेली.

बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही जनुकं डीएनएची डागडुजी करतात; ती बिघडली की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. त्यांत बिघडायच्या जागा हजारो. २०१८ मध्ये अमेरिकेत एफडीएने (औषधं-चाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) घरगुती चाचणीला परवानगी दिली ती फक्त ३ जागांसाठी. त्या तीनच का? तर अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यू समाजात साधारण ४० जणांत एकाकडे त्यांतला एखादा बिघाड सापडतो. मूठभर पूर्वज, लग्नं आपसातच; एकाचा बिघाड घरोघरी पोचला. आपले अलिबागकडचे मराठी बोलणारे बेने इस्रायलीसुद्धा अश्केनाझी नव्हेत, मग मावशी कुठून असणार? यादी पुढे थोडी लांबली, पण तीन डबे उघडून ‘घरात साखर नाही’ म्हणायचं, त्यातलाच हा प्रकार.

मावशींच्या घरात बिघाड असेलच असं नाही. बहुतेक कॅन्सर वारशाने येतच नाहीत. पण बहीण इतक्या लवकर गेली, तर दोन्ही जनुकं पूर्ण वाचणाऱ्या चाचणीबद्दल जनुकीय समुपदेशकाशी बोलायलाच हवं.

त्या चाचणीत आपल्या लोकांना ‘अर्थ अनिश्चित’ हा शेरा जास्त वेळा मिळतो. कुणी ‘पाणी’ म्हणतं, कुणी ‘पानी’. ती चूक की बोली, हे त्या भागातली माणसं ऐकल्याशिवाय कसं कळणार? २०१६ पर्यंतच्या मोठ्या जनुकीय अभ्यासांत ८१ टक्के माणसं युरोपीय वंशाची होती. आपली बोली ऐकलीच कुणी? म्हणून असा शेरा आला की घाबरून ऑपरेशन करून घेऊ नका.

समुपदेशक आधी घराण्याची माहिती विचारतात. श्राद्धाला आपण तीन पिढ्यांची नावं घेतो, पण आजी कशाने गेली ते सांगता येत नाही. आणि माहेरच्या बाजूचं म्हणजे फक्त आईकडचं नव्हे! हा बिघाड वडिलांकडूनही तितकाच येतो.

मावशींना विचारलं, वडिलांची बहीण कशाने गेली? “पोटात पाणी झालं होतं म्हणायचे.” हे अंडाशयाच्या कॅन्सरमध्येही होतं, यकृताच्या आजारातही. वय? ते ठाऊक नाही. आज रात्री त्या साताऱ्याला चुलतभावाला फोन लावणार आहेत. तिकडे तेव्हा सकाळ असेल.