मधूनच बंद पडणारे इंजिन

जुन्या डिझेल गाडीत अधूनमधून येणारा दोष कसा शोधावा, हा विषय संयोजकांनी मला दिला आहे. पद्धत मी सांगणारच आहे. मात्र ज्या सवयीमुळे ती कोणी वापरतच नाही, तिच्याविषयी आधी बोलणे भाग आहे. ती सवय म्हणजे दोष सापडण्यापूर्वीच सुटे भाग बदलणे. दोष कायमचा असेल, तर भाग बदलूनही गाडी सुरू होत नाही आणि अंदाज चुकल्याचे तिथल्या तिथे कळते. मधूनच येणाऱ्या दोषात मात्र कोणताही भाग बदला, गाडी चार दिवस बरी चालतेच, कारण एरवीही ती चार दिवस बरी चालतच होती. श्रेय मिळते ते त्या बिचाऱ्या नव्या फिल्टरला. (हसणाऱ्यांत गॅरेजवाले अधिक दिसतात.)

एका परिचितांच्या गाडीचे उदाहरण मी नेहमी देतो, आणि ज्यांनी ते पूर्वी ऐकले आहे त्यांची क्षमा मागून आजही देणार आहे. गाडी जुन्या धाटणीची, रोटरी पंपाची, म्हणजे एकाच फिरत्या पंपाने सगळ्या सिलिंडरांना डिझेल वाटणारी. गावात कितीही फिरवली तरी तक्रार नाही. हमरस्त्यावर वेगाने अर्धा-पाऊण तास चालली की आधी पिकअप कमी होई, मग आचके बसत आणि शेवटी इंजिन बंद पडे. थोडा वेळ थांबले, की काही घडलेच नाही अशा थाटात ते पुन्हा सुरू. एका गॅरेजने फिल्टर बदलला, दुसऱ्याने नोझल, म्हणजे डिझेलचा फवारा मारणारे तोंड, काढून तपासले, तिसऱ्याने पंपच उतरवून दुरुस्तीला पाठवला, आणि प्रत्येकाने आवारात एक फेरी मारून गाडी ठीक झाल्याचा निर्वाळा दिला. आवारात ती कधीच बंद पडली नव्हती, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

वास्तविक उत्तर लक्षणांतच होते. अशा पंपावर डिझेल तोडणारा एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारी झडप, असतो. त्याचा वीजपुरवठा तुटला, तर चावी फिरवल्यासारखे इंजिन क्षणात बंद होते. आचके देत, धापा टाकत बंद पडणारे इंजिन बहुधा डिझेलवाचून उपाशी असते. थांबल्यावर ते बरे होते, याचा अर्थ पंपाच्या ओढीने कुठेतरी काहीतरी अडकते आणि ओढ थांबली की सुटते. फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला, नळीतली ओढ मोजणारे व्हॅक्यूम गेज जोडून गाडी हमरस्त्यावर नेली, तेव्हा काटा हळूहळू चढत गेला आणि तो चढल्यावरच पिकअप कमी झाला. टाकीतल्या शोषणनळीच्या तोंडाशी प्लॅस्टिकचा एक पातळ तुकडा जाऊन बसत होता. टाकीची हवा घेण्याची वाट बुजली तरी लक्षणे जवळजवळ हीच दिसतात. मात्र तेव्हा झाकण उघडताना हवा आत शिरल्याचा आवाज येतो, आणि थांबण्याची गरज न पडता गाडी तत्काळ चालू लागते.

याच्याच जवळचा दोष म्हणजे गाडीने एअर घेणे. टाकी ते पंप ही नळी ओढीखाली असल्यामुळे तडा गेला तरी डिझेल बाहेर गळेलच असे नाही, उलट हवा आत जाते, आणि कोरडी नळी पाहून माणूस निश्चिंत होतो. पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक नळी बसवली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. एवढ्या स्वस्त उपायावर लोकांचा विश्वास का बसत नाही, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा उरलेली पद्धत भरभर सांगतो. पाना हाती घेण्याआधी नोंद करा: इंजिन गरम की थंड, टाकीत डिझेल किती, चढ की सपाटी, बंद पडणे एकदम की आचके देत, आणि धूर कोणता. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. पांढरा म्हणजे बहुधा न जळलेले डिझेल. त्यानंतर दोष ज्या स्थितीत येतो तीच स्थिती पुन्हा निर्माण करा आणि मोजमाप त्याच वेळी घ्या.

कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून उच्च दाबाचे डिझेल देणाऱ्या गाड्या 1997 पासून बाजारात आल्या. त्यांत पहिला संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिनाचे फिरणे टिपणाऱ्या सेन्सरवर, घ्यावा. तो गरम झाल्यावर तुटतो आणि निवल्यावर जुळतो, म्हणून थंड असताना मोजलेला रोध फसवा ठरतो. स्टार्टर फिरत असताना आरपीएमचा काटा हलतच नसेल, तर आधी तिकडे पाहा. काटा हलतो आणि तरीही इंजिन सुरू होत नाही, तर स्कॅनरवर रेलचा दाब पाहा. तो साधारण दोनशे-अडीचशे बारपर्यंत चढला नाही, तर बहुतेक इंजेक्टर उघडतच नाहीत. दाब कमी भरला म्हणून लगेच पंप उतरवू नका, आधी प्रत्येक इंजेक्टरमधून परत जाणारे डिझेल मोजा. स्कॅनरमधला कोड मात्र केवळ तक्रार कोणत्या सर्किटविषयी आहे एवढेच सांगतो; त्या सर्किटमध्ये भागाबरोबरच वायर, रिले आणि अर्थिंगही येतात. वायरीचा एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो, म्हणून तिथे बल्ब लावून भार द्या आणि इंजिन चालू असताना वायरिंग हाताने हलवून पाहा. टर्बो आणि ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) राहिले. त्यांविषयीचे प्रश्न चहाच्या वेळी घेऊ.