तिकीट आधी की व्हिसा आधी?

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, प्रवासाचे तिकीट काढण्याचे पहिले धडे आपल्यापैकी बहुतेकांनी रेल्वेच्या खिडकीवर गिरवले. तिथला हिशेब सरळ होता. आरक्षण उघडले की पहाटे रांगेत उभे राहायचे, कारण साध्या मेल-एक्स्प्रेसच्या स्लीपरचे भाडे पहिल्या दिवशीही तेच आणि, तत्काळ सोडले तर, शेवटच्या दिवशीही तेच. प्रश्न फक्त जागा मिळण्याचा असे. १ नोव्हेंबर २०२४पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली, तरी हे तत्त्व तसेच आहे. आणि बेत फसलाच तर थोडी वजावट सोसून बाकीचे पैसे परत मिळतात. हीच सवय घेऊन आपण विमानाच्या तिकिटाकडे जातो, आणि जितके लवकर काढू तितके भले, असे गृहीत धरतो. विमानाच्या बाबतीत या गृहीतकाचे दोन्ही भाग तपासून घ्यावे लागतात. लवकर काढलेले तिकीट स्वस्त असेलच असे नाही, आणि ते परत करताना वजावट थोडी तर मुळीच नसते.

भाडे ठरते कसे, हे आधी पाहू. केनेथ लिटलवूड हे बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीत होते. त्यांनी १९७२ साली एक नियम मांडला: स्वस्त भाड्याचे गिऱ्हाईक आज दारात आले, तर तीच जागा पुढे महाग भाड्याने विकली जाण्याची शक्यता किती, हे आधी पाहावे, त्या शक्यतेने महाग भाड्याला गुणावे, आणि येणाऱ्या आकड्यापेक्षा आजचे भाडे जास्त असेल तरच जागा द्यावी. १९७८मध्ये अमेरिकेत विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठले, आणि पुढे या हिशेबावर सगळा धंदाच उभा राहिला. आज इकॉनॉमीच्या एकाच डब्यातल्या, एकसारख्या खुर्च्या दहा-बारा भाडेश्रेणींत वाटलेल्या असतात, आणि विक्रीचा वेग पाहून कंपनी खालच्या श्रेणी बंद करते किंवा पुन्हा उघडते. म्हणूनच ११ महिने आधी, विक्री सुरू होताच दिसणारे भाडे बहुधा मधले असते. ते पुढे उतरतेही, चढतेही. मंगळवारी मध्यरात्री तिकीट स्वस्त मिळते किंवा वारंवार शोधल्याने भाडे वाढते, या समजुतींना या यंत्रणेत फारसा आधार नाही.

या यंत्रणेचा एक परिणाम मात्र प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावा. चौघांसाठी एकत्र शोध घेतला आणि सर्वांत खालच्या श्रेणीत दोनच जागा उरलेल्या असल्या, तर संगणक सहसा चारही तिकिटे वरच्या श्रेणीच्या भाड्याने दाखवतो. म्हणून आधी एकासाठी, मग दोघांसाठी, मग चौघांसाठी शोधून पाहावे. फरक मोठा असेल तर दोन-दोन तिकिटे वेगळी काढता येतात, पण मग पीएनआर दोन होतात, आणि विमानाची वेळ बदलली किंवा उड्डाण रद्द झाले, तर कुटुंबाचे दोन भाग वेगवेगळ्या विमानांत बसवले जाण्याचा धोका आपणच पत्करलेला असतो. सोबत लहान मूल किंवा वृद्ध असल्यास मी ही बचत करणार नाही.

आता मुख्य मुद्दा. तिकीट कधी काढावे, हे केवळ भाड्याच्या आलेखावरून ठरवता येत नाही. थांबल्याने भाडे किती वाढू शकते आणि आज तिकीट काढून बेत बदलला तर किती बुडू शकते, या दोन रकमा शेजारी शेजारी मांडाव्या लागतात. दुसरी रक्कम कमी करणे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते, आणि तिच्याकडेच आपले दुर्लक्ष होते.

मुंबईहून मे महिन्यात इटली आणि स्वित्झर्लंडला जाणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. सहल कंपनीबरोबर नव्हे, सगळे स्वतः ठरवून. या दोन्ही देशांसह युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या एकाच, म्हणजे शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णय साधारणपणे १५ दिवसांत अपेक्षित असतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. प्रौढांसाठीचे शुल्क जून २०२४पासून ९० युरो झाले आहे, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. आपल्याकडे बहुतेक जण जानेवारीत 'ऑफर' पाहून परत न मिळणारे तिकीट घेतात आणि मार्चमध्ये व्हिसाकेंद्राची अपॉइंटमेंट शोधू लागतात. नेमकी तेव्हा उन्हाळी गर्दी सुरू झालेली असते, आणि हाती तारीख न लागता तिकीट मात्र खिशात असते. याउलट ५ मेला निघणाऱ्यांना ५ नोव्हेंबरपासून अर्ज करता येतो. तो तेव्हाच केला, तर डिसेंबरच्या अखेरीपर्यंत बहुधा निकाल लागलेला असतो आणि मेच्या तिकिटांसाठी चार महिने हातात राहतात. व्हिसा मिळेपर्यंत तिकीट विकत घेऊ नका, असे अनेक वकिलाती स्वतःच सांगतात. अर्जासोबत विकत घेतलेल्या तिकिटाऐवजी परतीच्या प्रवासाचे नुसते आरक्षणही चालते. मात्र हे आरक्षण खरे, पीएनआर टाकून तपासता येईल असे असावे. काही एजंट बनावट 'डमी तिकीट' शे-पाचशे रुपयांत हातावर ठेवतात. त्याच्या भरवशावर लाखांचा प्रवास टांगणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

अर्थात नोव्हेंबरात अर्ज करायचा तर मार्गही नोव्हेंबरातच ठरायला हवा. ज्या देशात मुक्काम अधिक, त्याच्याकडे अर्ज. मुक्काम सारखा असेल, तर जिथे प्रथम प्रवेश, त्याच्याकडे. इटलीत सहा रात्री आणि स्वित्झर्लंडमध्ये चार, असा बेत असेल तर अर्ज इटलीकडे जातो. व्हिसावर मुदतीसोबत मुक्कामाचे दिवसही छापलेले असतात, म्हणून नंतर तिकीट स्वस्त दिसले तरी सहल दहा दिवसांची पंधरा करता येत नाही. तिकीट शोधताना रोमला उतरून झुरिकहून परतण्याचा पर्याय 'मल्टी-सिटी' या खिडकीत तपासावा. दोन एकेरी तिकिटांपेक्षा ते बरेचदा स्वस्त पडते, आणि रोमला परत येण्याचा दिवस व गाडीभाडे वाचते.

जपानचा हिशेब मात्र वेगळा आहे. तिथला एकेरी प्रवेशाचा पर्यटक व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांतच वापरावा लागतो, त्यामुळे साकुरासाठी, म्हणजे चेरीचा बहर पाहायला, एप्रिलमध्ये जाणाऱ्याला तो नोव्हेंबरात घेऊन ठेवता येत नाही. तिथे तिकीट आधी काढावे लागलेच, तर तारीख बदलण्याची मुभा असलेले, थोडे महाग तिकीट घ्यावे, आणि त्या जादा पैशांकडे विम्याचा हप्ता म्हणून पाहावे.

घरात बारावीचे मूल असेल, तर व्हिसाइतकाच सीईटीचा विचार करावा लागतो. एमएचटी-सीईटी एप्रिल-मेमध्ये होते, वेळापत्रक उशिरा पक्के होते, आणि क्वचित बदलतेही. अशा घराने वेळापत्रक येण्याआधी परत न मिळणारे तिकीट काढू नये, भाडे कितीही मोहात पाडणारे असो. दिवाळी आणि नाताळची गोष्ट उलट आहे: तारखा पंचांगात आणि कॅलेंडरात ठरलेल्या, मागणी खात्रीची, तिथे भाडे उतरण्याची वाट पाहण्यात सहसा तोटाच होतो.

फार आधी काढलेल्या तिकिटाला आणखी एक जोखीम असते. जेट एअरवेजची उड्डाणे एप्रिल २०१९मध्ये थांबली, गो फर्स्टची मे २०२३मध्ये. आगाऊ पैसे भरलेले प्रवासी परताव्यासाठी ताटकळले. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, आणि युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या अनेक उड्डाणांचे मार्ग व वेळा बदलल्या. दोन वेगळ्या तिकिटांवर पुढचे विमान जोडणाऱ्याला अशा वेळी कोणी वाली नसतो. एकाच पीएनआरवर पुढची जोडणी चुकली, तर पर्यायी व्यवस्था कंपनीलाच पाहावी लागते.

तिकीट हाती आले की लगेच, त्याच बैठकीत, नावे पासपोर्टशी ताडून पाहावीत. लग्नानंतर पासपोर्ट माहेरच्या नावाचाच राहिला असेल, तर तिकीटही त्याच नावाने हवे. हनिमूनच्या तिकिटांवर सासरचे आडनाव हौसेने टाकले जाते आणि विमानतळावर खोळंबा होतो. डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामक संस्थेच्या नियमांनुसार भारतीय कंपन्यांच्या तिकिटांत, प्रवास अगदी जवळ आलेला नसेल, तर काढल्यानंतर ठरावीक अवधीत शुल्काविना बदल किंवा रद्द करण्याची सोय असते. भाड्यातला फरक तेवढा भरावा लागतो. आणि मूळ भाडे परत न मिळणारे असले, तरी तिकीट रद्द झाल्यावर सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क या कंपन्यांनी परत करायचे असतात. ही रक्कम अनेक जण सोडून देतात, कारण तिकिटावरचे 'नॉन-रिफंडेबल' वाचून ते पुढे विचारतच नाहीत.