लाईन थांबवणारा छोटा पार्ट

[पडदा काळा. मग हाताच्या तळव्यावर ठेवलेला एक धातूचा पार्ट]

हा पार्ट बघा. सिगरेटच्या पाकिटाएवढा आहे फार तर. याला पी-व्हॉल्व्ह म्हणतात, प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, आणि त्यांनाही पुढच्याएवढंच प्रेशर गेलं तर ती लॉक होतात आणि गाडी मागून घसरते, म्हणून मागच्या ब्रेकचं प्रेशर बेतात ठेवायचं काम हा व्हॉल्व्ह करतो. गाडीच्या किमतीत याची किंमत कुठे दिसणारही नाही.

आणि याच पार्टामुळे 1997 साली जगातल्या सगळ्यात शिस्तीच्या गाडी कंपनीच्या जपानमधल्या जवळजवळ सगळ्या लाईनी बंद पडल्या होत्या.

1 फेब्रुवारी, शनिवार, पहाटे सव्वाचारच्या सुमारास. जपानमधलं कारिया शहर, आयची प्रांत. आयसिन सेइकी कंपनीच्या एक नंबर प्लांटला आग लागली. टोयोटाला लागणारे 99 टक्के पी-व्हॉल्व्ह या एका ठिकाणी बनायचे, रोजचे तीस हजारांच्या वर, आणि ते बनवणारी 500 हून जास्त मशीन त्या आगीत गेली. साधी मशीन नव्हती ती, त्या व्हॉल्व्हच्या आतली बारीक निमुळती भोकं पाडायला खास बनवलेली, म्हणजे आज ऑर्डर दिली की उद्या येतील अशातली नाहीत.

टोयोटाकडे शिल्लक साठा किती होता? सगळं मिळून दोन-तीन दिवसांच्या वर नाही. सोमवारी कसंबसं काम चाललं, मंगळवारी 30 पैकी 20 लाईनी बंद, आणि बुधवार-गुरुवारपर्यंत जवळजवळ सगळंच ठप्प. रोज पंधरा हजार गाड्या बनवणारी कंपनी एका व्हॉल्व्हसाठी थांबली.

[दृश्य: बंद कन्व्हेयर, रिकाम्या ट्रॉल्या]

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा भोसरी एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरला कामाला होतो, आणि खरं सांगायचं तर मला आधी बरंच वाटलं, की बघा, आमच्याकडे शॉर्टेज लिस्ट रोज सकाळी निघते तर एवढ्या मोठ्या लोकांचंही तसंच होतं. मग लगेच मनात आलं की ठेवायचा ना महिनाभराचा साठा, व्हॉल्व्ह काय जागा खातो? स्टोअरवाल्याच्या डोक्यात हेच येतं पहिल्यांदा. जास्त ठेवा. आणि अकाउंटवाल्याच्या डोक्यात बरोब्बर उलटं येतं. या दोघांच्या भांडणात सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीसाठी जादा ठेवायचा साठा, हा आकडा ठरतो, बऱ्याच ठिकाणी तर अजूनही जो जोरात बोलेल त्याचा आकडा ठरतो, आणि मला हे मनापासून चुकीचं वाटतं कारण हा आकडा काढता येतो. भांडायची गरज नाही.

आधी घरातलं उदाहरण घेऊ. ज्यांच्याकडे डबल सिलेंडरचं कनेक्शन आहे ते लोक काय करतात? एक संपला की दुसरा लावायचा आणि त्याच दिवशी बुकिंग करायचं. दुसरा सिलेंडर म्हणजे गाडी यायच्या मधल्या दिवसांचा इंतजाम. कारखान्यात याला टू-बिन सिस्टीम म्हणतात, पुढचा डबा संपला की मागचा पुढे ओढायचा आणि रिकाम्या डब्याचं कार्ड पर्चेसला पाठवायचं. आता नेहमी दोन दिवसांत येणारा सिलेंडर कधी दोन दिवसांत, कधी बारा दिवसांत यायला लागला, तर तुमचा स्वयंपाक तेवढाच आहे, गॅसही तेवढाच जळतोय, तरी तुम्ही तिसऱ्या सिलेंडरच्या मागे लागाल. बरोबर? म्हणजे साठा फक्त वापरावर ठरत नाही. माल येण्याचा भरवसा किती, त्यावर ठरतो.

कोकणात पावसाच्या आधी आगोट भरायचे ते याचसाठी. तांदूळ, मीठ, मसाला, सुकी मासळी, सरपण. पावसात माणसं काही जास्त जेवत नाहीत, पण होड्या बंद, ओढ्याला पाणी, वाट कधी उघडेल सांगता येत नाही. आणि सगळंच भरत नव्हते, जे परसात मिळतं त्याचा साठा कोण करेल? जे नसलं तर चूल अडेल आणि पावसात मिळणारच नाही, ते आधी. त्या बायकांनी कुठलाही फॉर्म्युला न शिकता जे केलं ते आपल्या ईआरपीत, कंपनीचा सगळा हिशोब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आजही धड होत नाही.

[दृश्य: फळ्यावर खडूने आकडे]

आता आकडे. एखादा पार्ट रोज सरासरी 500 लागतो, पण रोज बरोब्बर 500 नाही, कधी 440 कधी 570, हा जो वरखाली होतो त्याचं माप म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, ते धरू 60. व्हेंडर, म्हणजे पार्ट पुरवणारा, माल द्यायला 9 दिवस घेतो. तर 9 दिवसांतला चढउतार काढायला 60 ला 9 ने गुणायचं नाही, 9 च्या वर्गमुळाने म्हणजे 3 ने गुणायचं, कारण एका दिवशी जास्त लागलं तर दुसऱ्या दिवशी कमी लागून थोडं जुळून जातं. झाले 180. आता शंभर वेळा माल मागवला तर 95 वेळा तुटवडा पडू नये असं हवं असेल तर त्याला 1.65 ने गुणायचं. 297. एवढा सेफ्टी स्टॉक. पाऊण दिवसाचाही नाही!

पण यात आपण एक गृहीत धरलं, की व्हेंडर दर वेळी बरोब्बर नवव्या दिवशी माल देतो. देतो का? कोणाचा देतो? धरू की तोच व्हेंडर कधी सातव्या दिवशी, कधी अकराव्या दिवशी देतो, म्हणजे लीड टाईममध्येच, ऑर्डर ते माल या मधल्या वेळात, दोन दिवसांचं डेव्हिएशन आहे. आता 180 चा वर्ग, अधिक 500 गुणिले 2 म्हणजे 1000 चा वर्ग, बेरजेचं वर्गमूळ, ते येतं साधारण 1016, आणि त्याला 1.65 ने गुणलं की 1676.

297 चे 1676 झाले. पार्ट तोच, वापर तोच, व्हेंडर तोच, सरासरी लीड टाईमही तोच 9 दिवस. वाढला तो फक्त वेळेचा बेभरवसा. आणि हेच डेव्हिएशन दोन दिवसांवरून अर्ध्या दिवसावर आणलं तर आकडा 508 वर येतो. म्हणून मला असं वाटतं की सेफ्टी स्टॉक कमी करा, कमी करा असं स्टोअरला ओरडण्यात काहीच अर्थ नाही, तो माणूस फक्त दुसऱ्याच्या उशिराचा हिशोब गोडाऊनमध्ये ठेवतोय. व्हेंडरकडे जा, त्याचं का लेट होतं बघा. बऱ्याचदा त्याला शेड्युलच, कधी किती माल हवा ते, उशिरा मिळालेलं असतं, किंवा महिन्याच्या 25 तारखेला कोणीतरी फोनवरून आकडा बदललेला असतो.

अजून एक आकडा सांगतो, हा कळला तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती. समजा एका असेंब्लीला 100 पार्ट लागतात आणि प्रत्येक पार्ट 99 टक्के वेळा हजर असतो. 99 टक्के म्हणजे भारीच की! पण सगळे शंभर एकाच वेळी हजर असण्याची शक्यता? 0.99 चा शंभरावा घात, म्हणजे साधारण 37 टक्के. आणि अख्ख्या गाडीत स्क्रू-बोल्ट धरून तीसेक हजार पार्ट असतात.

आमच्याकडे जी लाईन थांबली ती ओ-रिंगसाठी. रबराची रिंग, एबीसी वर्गवारीत सी क्लास, म्हणजे ज्याच्याकडे कोणी बघत नाही असा माल. महागड्या कास्टिंगचा फॉलोअप मॅनेजर स्वतः घ्यायचे, रिंग कोणाच्याच यादीत नव्हती. सिस्टीममध्ये दोन हजार दाखवत होतं, रॅकवर जाऊन बघितलं तर खोक्यात दुसऱ्याच साईझच्या. दीड शिफ्ट गेली. एबीसी किमतीवर चालतं, आणि किंमत तुम्हाला एवढंच सांगते की पैसा कुठे अडकलाय. लाईन कशाने थांबेल हे ती सांगत नाही, त्यासाठी व्हीईडी नावाची वेगळी वर्गवारी आहे, व्हायटल, इसेन्शियल, डिझायरेबल, ती मेंटेनन्सच्या स्पेअर्सला लावतात, प्रॉडक्शनच्या मालाला सहसा कोणी लावत नाही. लावायला हवी.

[दृश्य: पुन्हा कारिया, जळलेली शेड]

आता परत आगीकडे येऊ. तो वर्गमुळाचा फॉर्म्युला रोजच्या चढउतारासाठी आहे. प्लांट जळणं हा चढउतार नाही. तिथे 1.65 घाला नाहीतर 3 घाला, उत्तर येणारच नाही, कारण माल दोन दिवस उशिरा येणार नसून येणारच नाहीये. त्यासाठी सहा महिन्यांचे व्हॉल्व्ह भरून ठेवले असते तर चाललं असतं का? एका व्हॉल्व्हचं चाललं असतं, बाकीच्या हजारो पार्टांचं काय.

मग टोयोटा उठली कशी? आयसिनने ड्रॉइंग वाटली. जो मागेल त्याला. शेवटी 62 कंपन्या ते व्हॉल्व्ह बनवायला लागल्या, आणि टूलिंग, मटेरियल पुरवणारे धरून 200 च्या वर कंपन्या यात उतरल्या. ब्रदर, शिवणयंत्रं बनवणारी कंपनी, गाडीच्या पार्टांशी संबंध नाही, तिने 500 मनुष्यतास घालून एक मिलिंग मशीन बदलून घेतलं आणि त्यातून दिवसाला 40 व्हॉल्व्ह निघाले. चाळीस! पण निघाले. करार, रेट, कुणाची चूक, हे सगळं नंतर बघू म्हणून लोक कामाला लागले. साडेतीन दिवसांत पहिले व्हॉल्व्ह हातात आले, आणि आठवडाभरात लाईनी चालू होत होत 10 फेब्रुवारीच्या आसपास उत्पादन जवळपास मूळपदावर.

आणि टोयोटाने जस्ट इन टाईम, म्हणजे लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल आणायची पद्धत, सोडली नाही. इथे एक गैरसमज आहे तो काढायलाच हवा, की जस्ट इन टाईम म्हणजे शून्य साठा. कानबानची कार्डं, म्हणजे डब्याबरोबर फिरणारी, माल मागवायची कार्डं, किती हवीत हे काढायचं जे गणित आहे त्यातच सेफ्टीचा गुणक असतो. दिवसाला 400 पार्ट, भरून यायला अर्धा दिवस, डब्यात 20 पार्ट, आणि वर 10 टक्के राखीव. 200 चे 220, भागिले 20, अकरा कार्डं. त्या अकरापैकी एक कार्ड हाच सेफ्टी स्टॉक, फक्त तो डोळ्यांना दिसतो आणि मर्यादेत राहतो.

मग 2011. 11 मार्चचा भूकंप आणि त्सुनामी. इबाराकी प्रांतातला रेनेसास या चिप कंपनीचा नाका प्लांट बंद पडला, गाड्यांच्या मायक्रोकंट्रोलर चिपचा मोठा हिस्सा तिथून यायचा, आणि गाडी कंपन्यांनी दिवसाला अडीच हजारांपर्यंत माणसं मदतीला पाठवली तरी उत्पादन सुरू व्हायला जून उजाडला. चिप शिवणयंत्राच्या कंपनीत बनवता येत नाही. याच भूकंपात फुकुशिमा प्रांतातला ओनाहामाचा मर्क या केमिकल कंपनीचा प्लांट थांबला, तिथे झिरॅलिक नावाचं रंगद्रव्य बनायचं, गाडीच्या पेंटला चमक देणारं, आणि जगात तेवढ्या एकाच ठिकाणी. अमेरिकेत फोर्डला एका काळ्या आणि काही लाल रंगांच्या गाड्यांच्या ऑर्डर काही काळ थांबवाव्या लागल्या. इंजिन आहे, चाकं आहेत, रंग नाही!

यानंतर टोयोटाने जे केलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. सगळ्यांचाच साठा वाढवत बसले नाहीत. आधी खालपर्यंत खणत गेले, व्हेंडरचा व्हेंडर, त्याचाही व्हेंडर, कुठला पार्ट नेमका कुठल्या शहरात बनतो याचा डेटाबेस केला, आणि जिथे दुसरा बनवणारा नाही, परत उभं राहायला महिने लागतील, असे पार्ट वेगळे काढले. चिप त्यातली. तिथे दोन ते सहा महिन्यांचा साठा व्हेंडरकडेच ठेवायला लावला. म्हणजे आगोटच की ही.

2021 ला जगभर चिप मिळेनात तेव्हा सुरुवातीचे महिने टोयोटा तरली ती यावरच. पण तो साठाही संपला, दक्षिणपूर्व आशियात कोरोनाची नवी लाट आली आणि त्या सप्टेंबरचं ठरलेलं उत्पादन 40 टक्के कमी करावं लागलं. आपल्याकडे त्याच सप्टेंबरमध्ये महिंद्राने साधारण सात दिवस प्लांटमध्ये नो प्रॉडक्शन डे जाहीर केले, चाकणला बनणाऱ्या एक्सयूव्ही सातशेच्या काही मॉडेलसाठी लोक वर्ष वर्ष थांबले.

[दृश्य: चाकणचा रस्ता, टेम्पोंची रांग]

आता चाकणला आलोच आहोत तर एक बोलतो. गेटच्या आत साठा दोन तासांचा, बोर्डावर लिहिलेलं असतं अभिमानाने. गेटच्या बाहेर चार किलोमीटरवर व्हेंडरने भाड्याने गाळा घेतलेला असतो, त्यात दहा दिवसांचा माल. तो माल त्याच्या सीसी लिमिटवर, म्हणजे बँकेच्या उधारीवर, व्याज त्याचं, गंज लागला तर रिजेक्शन त्याचं, आणि पैसे कायद्यात 2006 पासून 45 दिवस लिहिलेले असले तरी हातात कधी येतील ते त्यालाच माहीत. साठा कमी झालाच नाही हो, फक्त पत्ता बदलला! ज्याचं शेड्युल हलतं त्यानेच त्या हलण्याचा खर्च उचलावा असं मला प्रामाणिकपणे वाटतं, निदान वाटून तरी घ्यावा, कारण तो छोटा गाळा बंद पडला की त्याच्यासोबत एक पार्ट कायमचा जातो, आणि तो कोण बनवतो हे तोपर्यंत वर कोणालाच माहीत नसतं.

[दृश्य: स्टोअर, रॅक क्रमांक, हळूहळू जवळ जाणारा कॅमेरा]

आमच्या त्या ओ-रिंगसाठी आम्ही नंतर मोठं काही केलं नाही. दोन डबे आणले, पुढचा निळा, मागचा लाल. प्रत्येक डब्यावर नमुन्याची एक रिंग बांधून ठेवली, म्हणजे साईझ डोळ्यांनी जुळवून मगच माल भरायचा. निळा रिकामा झाला की लाल पुढे, आणि कार्ड शिफ्ट सुटायच्या आत पर्चेसच्या टेबलावर. पहिले दोन महिने मी घरी जाताना रोज एकदा वाकून तो लाल डबा बघायचो.