खरी बंदूक टीव्हीत होती

(दृश्य: पाऊस. मंगळुरी कौलांवरून ओघळणारे पाणी. कॅमेरा उंबरठा ओलांडून वसरीत, म्हणजे ओसरीत, येतो.)

गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या आमच्या थोरल्या घराच्या वसरीत एक टीव्ही आहे. 21 इंची, मागे कुबड असलेला, डबा टीव्ही. त्याला केबल नाही, त्यावर बातम्या लागत नाहीत. वर्षभर त्याच्यावर जुनी चादर असते. ती निघते चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळी भावंडे घरी जमली की. आणि टीव्ही लागतो तो एकाच कामासाठी. त्याच्यावर बंदूक रोखायची असते.

ही बंदूक 1998च्या चवथीला घरात आली. काका बोटीवर कामाला होते. त्या वर्षी सुट्टी काढून आले ते राखाडी रंगाचे प्लेस्टेशन, टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचे यंत्र, घेऊन. बॅगेच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळलेली, प्लॅस्टिकची बंदूक होती, आणि एका खेळाची सीडी. टाइम क्रायसिस.

तोवर आम्हां मुलांचा नेम लागायचा तो म्हापशाला, बोडगेश्वराच्या जत्रेत. फळीवर टाचलेले फुगे, छऱ्याची बंदूक, आणि फुगा फुटला की कानाशी येणारा तो कोरडा फट्ट. पैसे संपले की नेम संपला. घरातल्या वसरीत बसून हवा तितका वेळ नेम धरता येतो, हे आम्हाला खरेच वाटत नव्हते.

(दृश्य: पडद्यावर खेळ सुरू होतो. कोपऱ्यात उलटे धावणारे घड्याळ.)

नामको या जपानी कंपनीचा हा खेळ. आधी आर्केडमध्ये, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दुकानात, पायाखाली पेडल असलेल्या मोठ्या यंत्रावर खेळला जायचा. 1997 साली तो घरच्या प्लेस्टेशनवर आला. रिचर्ड मिलर नावाचा एकटा एजंट एका बेटावरच्या किल्ल्यात शिरतो, कारण राष्ट्राध्यक्षांची मुलगी तिथे कैदेत आहे. गोष्ट एवढीच. खरी गंमत आडोशाची. बंदुकीत सहा गोळ्या. संपल्या की आडोशाला जायचे, तिथे बंदूक पुन्हा भरते. आडोशाला असताना गोळी लागत नाही, पण घड्याळ थांबत नाही. जीव शिल्लक असला तरी वेळ संपली की खेळ संपला. म्हणजे लपून राहणाराही हरतो आणि नुसता धावत सुटणाराही हरतो. नऊ वर्षांच्या मुलाला हे कोणी समजावून सांगावे लागले नाही. घड्याळच सांगायचे.

आडोशाआत-बाहेर करायचे आर्केडमधले पेडल घरी नव्हते. त्याच्याऐवजी बंदुकीच्या नळीजवळ दोन्ही बाजूंना बटणे होती. माझा अंगठा तिथवर पुरायचा नाही. मग थोरला चुलतभाऊ मागे बसून बटण दाबायचा आणि चाप मी ओढायचो. एका मिलरला दोन माणसे. "दादा, आत!" म्हटले की तो आत न्यायचा. "दादा, बाहेर!" म्हटले की बाहेर. आजही आम्ही दोघे भेटलो की तोंडातून तेच दोन शब्द निघतात.

आता मुद्द्यावर येतो. हा व्हिडिओ करायला घेतला तो ज्या प्रश्नासाठी, तो प्रश्न तेव्हा आजीने विचारला होता. माटोळीखाली, गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, फुले लावता लावता तिने वसरीत डोकावून पाहिले आणि म्हणाली, "बंदुकीतून काही सुटत तर नाही. मग तो पडतो कसा?"

आम्ही म्हणालो, किरण सुटतात, आजी. दिसत नाहीत.

चूक सांगितले. त्या बंदुकीतून काहीच सुटत नाही. नळीच्या तोंडाशी भिंग आहे, त्यामागे प्रकाश ओळखणारा छोटासा डोळा आहे. बंदूक फक्त बघते. आणि खरी बंदूक असते टीव्हीत. पिक्चर ट्यूबच्या मानेत, त्या कुबडात, जो भाग इलेक्ट्रॉन सोडतो, त्याचे नावच इलेक्ट्रॉन गन. तिचा झोत समोरच्या काचेवर आतून आदळतो आणि तिथला लेप उजळतो. झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ ओढतो, मग त्याखालची, मग त्याखालची. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल (PAL) पद्धतीत एक ओळ ओढायला 64 मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले 64. वरून खालपर्यंत असा एक फेरा सेकंदात 50 वेळा होतो. आपल्याला अख्खे चित्र दिसते. काचेवर मात्र दर क्षणी जेमतेम एक ठिपका नव्याने पेटत असतो.

(दृश्य: टीव्हीच्या मागची बाजू. पिवळ्या पिनेत घुसवलेली दुसरी पिन.)

ही पिवळी पिन नीट बघा. टीव्हीकडे जाणाऱ्या चित्राच्या वायरीला बंदुकीची वायर इथे जोडलेली आहे. फेरा कधी सुरू झाला, ओळ कधी सुरू झाली, हे बंदुकीला इथून कळते. चाप ओढला की पडदा क्षणभर पांढरा होतो. झोत बंदुकीसमोरच्या ठिकाणी आला की डोळ्याला उजेड दिसतो. फेरा सुरू होऊन किती ओळी झाल्या, यावरून उंची कळते. त्या ओळीत किती वेळ गेला, यावरून डावे-उजवे कळते. नेम कुठे होता हे बंदूक असे वेळ मोजून सांगते. अंतर ती मोजतच नाही. मला हे पहिल्यांदा समजले तेव्हा मी खुर्चीतून उठून वसरीत दोन फेऱ्या मारल्या होत्या. खेळाचे नाव वेळेवरून, आणि खेळाचा नेमही वेळेवर!

याआधीच्या बंदुका भोळ्या होत्या. 1936 साली अमेरिकेतल्या सीबर्ग कंपनीने बदके टिपण्याचे यंत्र काढले. त्यात उजेड बंदुकीतूनच सुटायचा आणि डोळा बदकाला होता. 1972च्या ओडिसी या घरगुती व्हिडिओ गेम यंत्राची बंदूक दिव्याकडे रोखली तरी नेम लागला असे मानायची. निन्टेन्डोच्या 1984च्या डक हंटने ही पळवाट बुजवली. चाप ओढल्यावर पडदा आधी काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. काळ्यानंतर पांढरे दिसले तरच बदक पडते. आपल्याकडे अनेकांनी तो खेळ कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमवर खेळला आहे. बदक चुकले की हसणारा तो कुत्रा कुणालाही विचारा.

(दृश्य: भिंतीवरचा एल.ई.डी. टीव्ही. बंदूक रोखलेली. काहीच होत नाही.)

काही वर्षांपूर्वी घरात सपाट टीव्ही आला. चुलतभावाने हौसेने प्लेस्टेशन त्याला जोडले. चित्र आले, आवाज आला, घड्याळ धावू लागले. नेम मात्र एकही लागला नाही. त्याला वाटले बंदूक बिघडली. बंदूक ठणठणीत होती. सपाट टीव्हीत झोतच नाही. शिवाय तो टीव्ही आलेले चित्र आधी आपल्या परीने सुधारतो आणि मग दाखवतो. त्यात जो उशीर होतो, तो डोळ्याला कळत नाही. पण मायक्रोसेकंद मोजणाऱ्या बंदुकीसाठी तो अख्खा जन्म आहे. आता कॅमेरा लावलेल्या नव्या बंदुका मिळतात, चित्राभोवतीची चौकट ओळखून नेम काढणाऱ्या. चांगल्या आहेत. पण आमची बंदूक आंधळी झाली ती झालीच.

म्हणून हा डबा टीव्ही. गोव्यातल्या हवेत तो टिकवणे सोपे नाही. पावसाळ्यात आत ओल धरते, चालू केला की चरचर आवाज येतो, धुळीला बुरशीचा वास असतो. गावातला टीव्ही मेकॅनिक आता मोबाइल दुरुस्त करतो, पण आमच्यासाठी मे महिन्यात एकदा येऊन मागचे झाकण उघडतो. त्याने भंगारात निघालेला तसाच एक टीव्ही माळ्यावर ठेवून दिला आहे, सुट्या भागांसाठी. पैसे विचारले तर म्हणाला, "ट्यूब गेली की मग बघूया."

(दृश्य: वसरी. खिडक्या बंद. मोबाइल तिवईवर.)

या चवथीला आम्ही एक गोष्ट करून पाहिली. मोबाइल टीव्हीसमोर ठेवला, सेकंदाला 240 चित्रे टिपणाऱ्या स्लो मोशनवर. पुतण्याच्या हातात बंदूक दिली. मागे दादा बसला, अंगठा बटणावर. पुतण्याने चाप ओढला.

हे बघा. अख्खा पडदा पांढरा झालेला तुम्हाला कुठेच दिसणार नाही. काळ्या काचेवर उजेडाचा एक पट्टा आहे, वरच्या बाजूला. पुढच्या चित्रात तो थोडा खाली. मग मध्ये. मग आणखी खाली. पाच चित्रांत पट्टा तळाला पोचतो आणि पुन्हा वर उगवतो. बंदुकीला इतकी वर्षे हेच दिसत आले आहे. आम्ही ते आज पहिल्यांदा पाहिले.

पुतण्याने ते चौदा वेळा लावून पाहिले. आतून हाक आली, "आरतेक येयात रे!" त्याने बंदूक खाली ठेवली आणि दादाला विचारले, "ट्यूब खरेच जाईल?"

दादाने चादर उचलली, आणि पुन्हा खुर्चीवर ठेवली. आरतीनंतर आणखी एक डाव होता.