टाईट हाय, पण लागत नाय

सोलापूरचा पूर्व भाग. यंत्रमागांचा खडखडाट रस्त्यापर्यंत येतोय. त्या आवाजावरून एक शाळकरी पोरगा ओरडतो, "काका, सायकलचा ब्रेक टाईट करून द्या."

मिस्त्री लिव्हर दाबून बघतात. "टाईटच हाय की बे. लागत नाय, ते वेगळं."

या दुकानात रोजचाच हा घोळ. केबल ओढली की ब्रेकचं रबर चाकाच्या रिमला लवकर टेकतं, एवढंच. टेकल्यावर पकड किती, ते रबर आणि रिम ठरवतात.

म्हणून पाना नंतर, आधी स्पिरिटचं फडकं. रिमवरून फिरवलं आणि बघा, काळंकुट्ट. चेनला मारलेलं तेल थोडं जरी उडालं, तरी ब्रेक गेला. मग रबरं उतरतात. वापरून त्यांच्यावर काचेसारखी चकाकी चढलेली; ती पॉलिश पेपरवर घासून काढायची. रिम ॲल्युमिनियमची आहे, तिचे बारीक कण रबरात रुतलेत. ते टोच्यानं उकरायचे, नाहीतर तेच रिम खरवडतात. खाचा बुजल्या असतील तर घासत बसू नये, नवी जोडी घालावी.

मिस्त्रींचा जास्त वेळ मात्र केबल खाते. आतली तार गंजलेली, आऊटर, म्हणजे तारेवरचं आवरण, हँडलपाशी मुडपलेलं. बोटांचा जोर वाटेतच जिरतो. दोन्ही नवीन. आऊटरचं टोक तिरकं कापलं की पुन्हा तेच रडगाणं.

चाक गरकन फिरतं. एका जागी रिम झुकते. हा आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढल्याशिवाय रबर जवळ आणताच येत नाही.

आता बसवणी. रबर टायरला लागता कामा नये, रिमच्या खालीही उतरता कामा नये. मागच्या टोकाखाली काडेपेटीचा पुठ्ठा सारून नट आवळला, की पुढचं टोक आधी टेकतं आणि ब्रेक किंचाळत नाही. दोन्हीकडे दोनेक मिलिमीटर फट.

भिंतीला टेकलेल्या जुन्या काळ्या सायकलला केबलच नाही. तिथे लोखंडी दांड्या रबर रिमच्या आतल्या कडेवर ओढतात. पावसात क्रोमच्या रिमवर ते घसरतं, त्यावर मिस्त्रींकडेही इलाज नाही. "लांबनंच दाबायचं."

पोरगा चक्कर मारून येतो. लिव्हर टोकाशी धरलीय, बरोबर. तिथे जोर जास्त मिळतो. पण मागचं चाक धुळीत लांब रेघ ओढत थांबतं.

"पुढचा बी दाब की! वजन पुढं येतंय, तोच थांबवतोय."