बोटापासून गाण्यापर्यंत: घरी बांधलेल्या म्युझिक प्लेअरचा टचस्क्रीन

मित्रहो, इथे बसलेल्या बऱ्याच जणांनी स्वतःचा म्युझिक प्लेअर बांधला आहे, नाहीतर बांधायला घेतला आहे. मघाशी बाहेर उभे असताना तिघांनी मला एकच गाऱ्हाणं वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. आवाज सुरेख येतो, पण पडदा छळतो. एकाचा पडदा पांढराफटक राहतो. दुसऱ्याने डावीकडे बोट लावलं की उजवीकडचं बटण दाबलं जातं. तिसऱ्याच्या प्लेअरवर तर कुणी हात न लावता गाणी पुढे सरकतात. म्हणून आज डॅक (आकड्यांतून आवाज घडवणारी चिप) आणि ॲम्प्लिफायरचं कौतुक बाजूला ठेवतो. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डाला जोडलेला साडेतीन इंची, फार तर सात इंची पडदा, एवढाच विषय.

टचस्क्रीन म्हणून आपण एक वस्तू आणतो, पण त्यात दोन यंत्रं एकमेकांना चिकटवलेली असतात. खालचं चित्र दाखवतं आणि त्याची माहिती बोर्डाकडून पडद्याकडे जाते. वरचं स्पर्श ओळखतं आणि त्याची माहिती उलटी, पडद्याकडून बोर्डाकडे येते. दोघांच्या चिप वेगळ्या, त्यांना चालवणारे प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर वेगळे, बऱ्याचदा ताराही वेगळ्या. गाणं वाजवणारा एमपीडीसारखा प्रोग्रॅम हा तिसराच गडी. पडदा पूर्ण बंद पडला तरी तो वाजवत राहतो. त्यामुळे ‘स्क्रीन चालत नाही’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, चित्र येत नाही, की बोट कळत नाही?

हे मला एका प्लेअरने शिकवलं. साडेतीन इंची पडदा, सुट्या तारांनी जोडलेला, आणि शेजारी डॅक. प्लेअर सुरू केला की पडदा काळा. दोन संध्याकाळ मी ड्रायव्हर पुन्हा पुन्हा घालत बसलो. तिसऱ्या दिवशी खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारला, तर काळ्या काचेत अगदी पुसट अशी गाण्यांची यादी दिसली! चित्र जागेवर होतं, मागचा उजेड तेवढा नव्हता. टॉर्चच्या प्रकाशात अंदाजाने ‘प्ले’च्या जागी बोट टेकवलं. गाणं सुरू झालं, आणि त्याच क्षणी पडदा उजळला, पण अर्ध्यामुर्ध्या उजेडाने. गाणं थांबवलं, पुन्हा काळोख.

म्हणजे स्पर्श पहिल्या दिवसापासून ठीक होता. भांडण होतं ते एका पिनसाठी. जीपीआयओ म्हणजे बोर्डाच्या जोडणीच्या पिना, त्यांतली जीपीआयओ १८, बोर्डावर मोजली तर बारा नंबरची पिन. बऱ्याच छोट्या पडद्यांचा बॅकलाइट या पिनवरून चालू-बंद होतो, कारण तिथे उजेड कमी-जास्त करण्याची सोय आहे. आणि डॅकला आवाज पोहोचवणाऱ्या आयटूएस या पद्धतीचा बिट क्लॉक, म्हणजे ताल देणारी टिकटिक, हीसुद्धा याच पिनवर येते. फिलिप्सने १९८६ साली आखलेली ही पद्धत. तिच्यात एका तारेवर टिकटिक, दुसरीवर डावं-उजवं आणि तिसरीवर प्रत्यक्ष आवाजाचे आकडे जातात. सीडीच्या दर्जाचं गाणं, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुन्यासाठी ६४ टिकटिक धरली की क्लॉक सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा वर-खाली होतो. निम्मा वेळ वर, निम्मा वेळ खाली, म्हणून उजेड निम्मा. गाणं थांबलं की क्लॉक खाली बसतो, म्हणून काळोख. मी पडद्याची ती एक तार बारावरून काढून पंधरा नंबरच्या पिनवर, म्हणजे जीपीआयओ २२ वर लावली, ड्रायव्हरला नवा आकडा सांगितला, आणि दोन संध्याकाळींचं काम पाच मिनिटांत संपलं.

तेव्हापासून प्लेअर बांधायला घेतला की आधी कागद घेतो. डॅकला जीपीआयओ १८, १९ आणि २१ लागतात, आवाज आतही घ्यायचा असेल तर २० सुद्धा. एसपीआय या तारांच्या जोडणीवरच्या पडद्याला ७, ८, ९, १० आणि ११. त्याशिवाय बऱ्याच पडद्यांना २४ आणि २५, आणि स्पर्शाची सूचना द्यायला १७. हे आकडे शेजारी शेजारी लिहिले की कोण कुणाच्या पायावर पाय देतंय ते सोल्डरिंग आयर्न तापण्याआधीच दिसतं. एकावर एक बसणारे बोर्ड घेतले की आपण पिनांकडे बघणंच सोडतो, आणि मला वाटतं निम्मे घोटाळे तिथेच जन्मतात.

आता बोट कळत नाही त्याकडे वळू. इथे माझी पद्धत एकच आहे. बोटाच्या मागोमाग जायचं. बोट काचेवर टेकलं, चिपला कळलं, तारेवरून बोर्डात आलं, कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, घेतलं, त्याचा पडद्यावरचा बिंदू ठरला, आणि मग प्लेअरच्या बटणापर्यंत पोहोचलं. या वाटेत ते कुठे हरवतं एवढंच शोधायचं.

स्वस्त छोटे पडदे बहुधा रेझिस्टिव्ह असतात. दोन पारदर्शक, वीज वाहणारे थर, मध्ये केसाएवढी फट. दाबलं की थर एकमेकांना टेकतात. एका थराच्या दोन कडांना ३.३ व्होल्ट दिलेले असतात, आणि जिथे टेकलं तिथला व्होल्टेज दुसरा थर वाचतो. बरोबर मध्यावर दाबलं तर साधारण १.६५ व्होल्ट. एक्सपीटी २०४६ ही चिप त्या व्होल्टेजचे ० ते ४०९५ असे आकडे करते, म्हणजे मध्यावर दोन हजारांच्या आसपास. इतकं सरळ आहे ते. कपॅसिटिव्ह पडद्याला दाब लागत नाही. बोटामुळे तिथला विद्युतभार बदलतो, आणि पडदा तो बदल मोजतो. अशा पडद्याची कल्पना ई. ए. जॉन्सन या इंग्रज अभियंत्याने १९६५ साली मांडली होती. दोघांचे आजार वेगळे, म्हणून आपला पडदा कोणता हे आधी ठरवा. नखाने दाबून कळत असेल तर रेझिस्टिव्ह.

रेझिस्टिव्ह पडद्यावर पहिली चाचणी मल्टिमीटरची. जीपीआयओ १७ वर, म्हणजे अकरा नंबरच्या पिनवर, एक टोक धरा, दुसरं ग्राउंडला. बोट लावलं नसेल तेव्हा ३.३ व्होल्ट दिसायला हवेत, आणि दाबलं की काटा खाली यायला हवा. आला तर चिपला बोट कळतंय, अडचण पुढे आहे. बोट न लावताही खालीच राहिला तर कुणीतरी काच दाबतंय. हे ‘कुणीतरी’ बहुधा आपण बनवलेला डबा असतो. झाकणाचे स्क्रू जोमाने आवळले की चौकटीची कड वरच्या थरावर टेकते, आणि पडद्याला वाटतं की कडेला बोट धरून ठेवलंय. चारही स्क्रू अर्धा फेरा सैल करा आणि पुन्हा बघा.

कपॅसिटिव्ह पडदा बहुधा आयटूसीवर, म्हणजे अनेक चिप एकाच तारांवर आपापल्या पत्त्याने बोलतात अशा जोडणीवर, बोलतो. तिथे आयटूसीडिटेक्ट हा आदेश चालवला की एक तक्ता उमटतो. फोकलटेकच्या बऱ्याच टच चिपांचा पत्ता हेक्समधला, म्हणजे सोळाच्या पायातला, ३८ असतो. त्या जागी ३८ दिसला तर चिप जिवंत आहे पण तिला कुणी हातात घेतलेलं नाही. ‘यूयू’ अशी अक्षरं दिसली तर घाबरू नका, ती चांगली बातमी आहे. ड्रायव्हरने चिप ताब्यात घेतली आहे. नुसत्या दोन रेघा असतील तर रिबन केबल काढा, तिच्या चकचकीत पट्ट्या योग्य बाजूला आहेत का पाहा, आणि कनेक्टरची खिटी पूर्ण बसवा. डॅकही याच तारांवर असतो, पण त्याचा पत्ता वेगळा असतो, उदाहरणार्थ पीसीएम ५१२२ असेल तर ४सी ते ४एफमधला एक. त्यामुळे दोघं सुखाने नांदतात.

यानंतरचं माझं सगळ्यात आवडतं हत्यार म्हणजे ईव्हीटेस्ट हा छोटा प्रोग्रॅम. तो चालवायचा, यादीतून टचस्क्रीन निवडायचा आणि बोट लावायचं. प्रत्येक स्पर्शाला एक्स आणि वायचे आकडे ओळीने उमटतात. इथे प्लेअर नाही, ब्राउझर नाही, बटणं नाहीत. कर्नलला जे कळलं तेच समोर येतं. बोट डावीकडून उजवीकडे सावकाश ओढा. वायचे आकडे पळू लागले तर अक्षांची अदलाबदल झाली आहे. एक्सच पळतोय पण उतरत्या क्रमाने, तर दिशा उलटी आहे. ‘माझा स्पर्श फार उशिरा लागतो’ असं एकाने मघाशी सांगितलं. त्याने ईव्हीटेस्टमध्ये पाहावं. ओळ ताबडतोब उमटत असेल तर स्पर्शाचा दोष नाही. ४८० बाय ३२० च्या एका चित्राला, प्रत्येक बिंदूला १६ बिट धरले तर, २४,५७,६०० बिट लागतात. एसपीआय १६ मेगाहर्ट्झवर असेल तर सेकंदाला साडेसहाच चित्रं होतात. बोट वेळेत पोहोचलेलं असतं, चित्र मागून येतं. पडदा झेपवत असेल तर ३२ मेगाहर्ट्झ करून पाहा.

उलटी दिशा सुलटी करण्यासाठी नऊ आकड्यांची एक चौकट असते. बरेच जण ती कुठून तरी उतरवून घेतात आणि जमेपर्यंत आकडे बदलत राहतात. तसं करू नका, ती समजायला सोपी आहे. पडद्याची रुंदी ० ते १ अशी धरा. पहिली ओळ नवा एक्स कसा काढायचा ते सांगते: जुना एक्स किती पट, जुना वाय किती पट, आणि वरून किती मिळवायचे. एक्स उलटा असेल तर नवा एक्स म्हणजे एकातून जुना वजा. म्हणून पहिली ओळ ‘-१ ० १’. अक्षांची अदलाबदल असेल तर एक्स वायकडून घ्यायचा, म्हणून ‘० १ ०’, आणि दुसरी ओळ ‘१ ० ०’. तिसरी नेहमी ‘० ० १’. एकदा हातात पेन घेऊन हे केलं की पुन्हा कधी अडायला होत नाही.

जुनी माहिती वाचून सेटिंग करणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. २०२३ साली आलेल्या रास्पबेरी पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बुकवर्म आवृत्तीपासून कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, बूटमधल्या फर्मवेअर या फोल्डरमध्ये गेली. जुन्या जागी केलेला बदल कुणी वाचत नाही. चित्र फिरवण्याचा जुना डिस्प्ले रोटेटचा पर्यायही नव्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर चालत नाही.

राहिला हात न लावता गाणी सरकण्याचा प्रकार. पडदा कपॅसिटिव्ह असेल तर माझा पहिला संशय ॲडॅप्टरवर. त्यातला गोंगाट ग्राउंडच्या वाटेने काचेपर्यंत येतो आणि चिपला तो बोटासारखा वाटतो. प्लेअर पॉवर बँकेवर लावा. भूत गेलं तर ॲडॅप्टर बदला. त्याच वेळी थ्रॉटलिंगची, म्हणजे वीज कमी पडल्याची, नोंदही पाहा. वीज साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेली की बोर्ड ते लिहून ठेवतो. आकड्याच्या शेवटी ५ असेल तर तुटवडा या क्षणी चालू आहे. ‘५००००’ असेल तर तो मघाशी येऊन गेला, बहुधा पडदा आणि डॅक एकदम जागे झाले तेव्हा.

माझा एक प्लेअर असाच भुताटकीचा होता. ॲडॅप्टर बदलला, मग लगेच झाकण लावलं नाही. ईव्हीटेस्ट चालू ठेवून एक अख्खा अल्बम लावला आणि समोर बसून राहिलो, हात मांडीवर. पहिल्या गाण्याला नजर सगळी ओळींकडे होती. तिसऱ्या गाण्यापर्यंत ऐकायला लागलो. पन्नास मिनिटांनी अल्बम संपला तेव्हा काळ्या खिडकीत एकही नवी ओळ नव्हती. मग बोट टेकवलं. एक्स, वाय, दोन आकडे उमटले, आणि मी चारही स्क्रू हलक्या हाताने बसवले.