ध्वजस्तंभापाशी, सकाळी सात

(दृश्य : उजाडतंय. हायस्कूलचं आवार, ओलं गवत, ध्वजस्तंभाभोवती हात धरून उभी असलेली मुलं.)

सप्टेंबरचा चौथा बुधवार. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं एक सरकारी हायस्कूल. पहिली घंटा व्हायला अजून वेळ आहे. आज देशभर ठिकठिकाणी, आपापल्या घड्याळात सात वाजता, मुलं अशीच शाळेच्या ध्वजस्तंभाभोवती जमतात. १९९० साली याच राज्यातल्या बर्लसन गावच्या मुलांपासून हे सुरू झालं. बोलावणारी मुलं, प्रार्थना सांगणारीही मुलंच. चर्चचे पाळक आणि आईबाप तिकडे पार्किंगच्या कडेला उभे आहेत. ते लाजून लांब राहिलेले नाहीत. त्यांची जागा तीच.

परिपाठाला रोज हात जोडून मोठ्या झालेल्या मराठी प्रेक्षकाला याचं नवल वाटेल. साध्या प्रार्थनेला एवढं जपून पाऊल कशाला?

(दृश्य : जुन्या वृत्तपत्रांची पानं, रिकामा वर्ग, फळा.)

न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने १९५१ मध्ये शाळांसाठी एक प्रार्थना तयार केली. मूळ इंग्रजीत अवघे २२ शब्द. सर्वसमर्थ देवा, आम्ही तुझ्यावर अवलंबून आहोत. आम्हाला, आईवडिलांना, शिक्षकांना आणि देशाला आशीर्वाद दे. बस, इतकंच. येशूचं नाव नाही, कुठल्या पंथाची खूण नाही. कुणालाच टोचू नये म्हणून घासून घासून गुळगुळीत केलेली. तरी न्यू हाइड पार्कमधल्या काही पालकांना ती टोचलीच. २५ जून १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक मतांनी सांगितलं, की लोकांसाठी प्रार्थना रचणं हे सरकारचं काम नव्हे. निकाल लिहिला न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी, आणि त्यांनी स्वतः एकेकाळी बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चमध्ये रविवारची धर्मशिक्षणाची शाळा घेतलेली होती. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातला, रोज पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, दहा वचनं वाचण्याचा कायदाही गेला.

तेव्हापासून एक वाक्य ऐकू येतं : देवाला शाळेतून हाकललं.

ते म्हणण्याआधी ख्रिस्ती माणसाने फिलाडेल्फिया आठवावं. तिथल्या शाळांत प्रोटेस्टंटांचं किंग जेम्स बायबल वाचलं जाई. कॅथलिक बिशप केनरिक यांनी १८४२ मध्ये विनंती केली, की कॅथलिक मुलांना त्यांचं बायबल वाचू द्या. वाद चिघळला, त्यात स्थलांतरितांविषयीचा राग मिसळला, आणि मे १८४४ मध्ये सेंट मायकल आणि सेंट ऑगस्टिन ही दोन चर्चं जळाली. माणसं मेली. पेटवणारे येशूचे, आणि ज्यांचं जळलं तेही येशूचेच.

(दृश्य : उघडं पवित्र शास्त्र, पानावरून सरकणारं बोट.)

बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकात हा सगळा प्रश्न आधीच येऊन गेला आहे. तिसऱ्या अध्यायात राजाज्ञा होते : वाद्यं वाजली की सोन्याच्या पुतळ्यापुढे पालथे पडा. शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो पडत नाहीत. सहाव्या अध्यायात उलट हुकूम : तीस दिवस राजाखेरीज कुणाकडेही काही मागायचं नाही. दानीएल घरी जातो आणि रोजच्यासारखा दिवसातून तीनदा गुडघे टेकतो. एका राजाने सक्ती केली, दुसऱ्याने बंदी. शास्त्राला दोन्ही अमान्य. १९६२ च्या निकालाने तिसऱ्या अध्यायातली चूक सुधारली. सहाव्यातली चूक मात्र अनेक मुख्याध्यापक अजून करतात, बहुतेकदा नुसत्या धास्तीपोटी.

(दृश्य : वर्ग. मुलं उभी. पूर्ण शांतता.)

टेक्सासमध्ये आधी देशाच्या झेंड्याची प्रतिज्ञा होते, मग राज्याच्या. त्यानंतर एक मिनिट शांतता. त्या मिनिटात प्रार्थना करा, विचार करा, काहीच करू नका. शिक्षकाने फक्त गप्प राहायचं आणि मुलांना गप्प ठेवायचं. 'चला, प्रार्थना करू या' एवढं तो बोलला, तरी घोटाळा.

(दृश्य : जेवणाची सुट्टी. विज्ञानाची खोली, पिझ्झाचे खोके, गोल मांडलेल्या खुर्च्या.)

हा बायबल क्लब. त्याच्यामागे १९८४ चा समान प्रवेशाचा कायदा उभा आहे. केंद्राचा पैसा घेणाऱ्या माध्यमिक शाळेने अभ्यासक्रमाबाहेरचा एक जरी क्लब चालू दिला, तरी धार्मिक क्लबला नाही म्हणता येत नाही. ओमाहा शहरातल्या एका शाळेने नाही म्हणून पाहिलं. तिथे बुद्धिबळाचा आणि स्कूबा डायव्हिंगचा क्लब होता. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयात शाळा आठ विरुद्ध एक अशी हरली.

अर्ज मुलांनी करायचा. वेळ तासांच्या बाहेरची : शाळेआधी, सुटल्यावर, किंवा सगळेच क्लब भरतात त्या सुट्टीत. त्या कोपऱ्यात वह्या तपासत बसलेल्या बाई देखरेखीला आहेत. त्या श्रद्धावान असतील, पण इथे 'आमेन' म्हणणार नाहीत. फलक लावायचे तर नाटकाचा क्लब लावतो तिथेच आणि तेवढेच.

बिघडतं ते बहुतेक आपल्याच उत्साहाने. युवकांचे पाळक एकदा पाहुणे म्हणून आले, हरकत नाही. तेच दर गुरुवारी गिटार घेऊन येऊ लागले, की क्लब मुलांचा उरत नाही, आणि बाहेरच्या माणसाने क्लब चालवणं किंवा नेमाने हजर राहणं कायद्याला मंजूर नाही. मुख्याध्यापकांनी कौतुकाने 'घ्या, मिनिटभर माइकवर प्रार्थना घ्या' म्हटलं, तर तो माइक घ्यायचा नाही. टेक्सासमधल्याच सँटा फेमध्ये फुटबॉल सामन्याआधी ध्वनिक्षेपकावर होणारी प्रार्थना २००० मध्ये बंद झाली, ती मुलांनी निवडलेला विद्यार्थी म्हणत असूनही.

(दृश्य : फुटबॉलचं मैदान, पन्नास यार्डांची रेषा, दिव्यांचा झोत.)

वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनचे प्रशिक्षक सामन्यानंतर अशाच रेषेवर प्रार्थनेसाठी गुडघा टेकत. शाळेने मनाई केली, ते न्यायालयात गेले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते सहा विरुद्ध तीन मतांनी जिंकले. विरोधी न्यायमूर्तींनी आपल्या मतपत्रात थेट छायाचित्रं छापली : प्रशिक्षकाभोवती खेळाडूंचा गराडा. २०२३ मध्ये ते एका सामन्यापुरते परतले आणि राजीनामा दिला.

(दृश्य : पुन्हा ध्वजस्तंभ. ऊन वर आलेलं.)

लोकांना दिसावं म्हणून चव्हाट्यावर उभं राहून प्रार्थना करू नका, खोलीत जाऊन दार लावून घ्या, असं येशूने मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात सांगितलं आहे. रिंगणातल्या मुलांना ते पाठ आहे. म्हणूनच कर्णा नाही, व्यासपीठ नाही. एकेक जण शिक्षकांसाठी, आजारी मित्रासाठी, घरच्यांसाठी दोन वाक्यं बोलतो. काही जण काहीच बोलत नाहीत.

दप्तरं गवतावरून उचलली जातात. पहिल्या तासाला उशीर झाला, तर नोंद इतरांसारखीच होते.